सप्रेम भेट

‘शिकिशी’ हा शब्द माझ्या तोंडून प्रथम ऐकला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांना ते एखाद्या नव्या औषधाचे नाव वाटले, आणि त्यांनी मोठ्या आस्थेने माझ्या प्रकृतीची चौकशी केली. औषध नव्हे, व्याधी, असे मी त्यांना सांगितले; आणि ती जडल्याला आता एक तप होऊन गेले आहे. शिकिशी म्हणजे पुठ्ठ्याचा एक जाड, जवळजवळ चौरस तुकडा. लांबी २७ सेंटिमीटरांच्या जरा वर, रुंदी २४ च्या जरा वर. एका अंगास पांढरा कागद डकवलेला आणि भोवती सोनेरी पट्टीची बारीक किनार. जपानात पूर्वीपासून यावर कवी आपल्या कविता लिहीत, चित्रकार फुले-पाखरे रेखीत. आज सुमो कुस्तीतील मल्ल शाईत बुडवलेला आपला पंजा यावर उमटवून देतात, आणि शाळा सोडून जाणाऱ्या सोबत्यासाठी सगळा वर्ग मिळून यावर निरोपाच्या ओळी लिहितो. ‘मांगा’ या नावाने जगभर ठाऊक झालेल्या जपानी चित्रकथांचे चित्रकार, वाचकाने मागितले तर, याच पुठ्ठ्यावर आपल्या कथेतील एखादे पात्र झरझर काढून खाली सही करतात. मी गोळा करतो ती ही शेवटची जात.

या पुठ्ठ्याची एक मौज सांगण्याजोगी आहे. त्याची नक्षीदार बाजू ही वस्तुतः दर्शनी. परंतु आपले अक्षर त्या योग्यतेचे नाही असा विनय दाखवण्यासाठी लिहिणारा पाठची पांढरी बाजू घेतो, असे या प्रथेचे स्पष्टीकरण देतात. हा विनय इतका रूढ झाला की आता पांढरी बाजूच दर्शनी होऊन बसली आहे. ‘गरिबाच्या घरी दोन घास’ असे म्हणून पंचपक्वान्ने वाढणाऱ्या आपल्याकडील यजमानांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

माझ्या या नादाचे मूळ कपिलवस्तूत आहे असे म्हटले तर कोणी हसेल. पण ते खरे आहे. ओसामू तेझुका या चित्रकाराने १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे खपून बुद्धाचे चरित्र चित्रकथेत उतरवले. त्याचे इंग्रजी भाषांतर आठ भागांत निघाले असून त्यातला पहिला भाग एका पावसाळ्यात माझ्या हाती आला. आरंभी मला त्याचा रागच आला. भाग संपत येतो तरी सिद्धार्थाचा जन्म होत नाही. मध्येच तत्ता नावाचे एक उनाड पोर येऊन सगळी कथा आपल्या ताब्यात घेते. ऐन गंभीर प्रसंगी पात्रे आजकालच्या गोष्टी काढून विनोद करतात. परंतु पंधरवड्यात आठही भाग संपले, आणि लहानपणापासून पाठ्यपुस्तकांतून पाहिलेला तो निर्विकार, अर्धोन्मीलित डोळ्यांचा बुद्ध मला प्रथमच थकणारा, चिडणारा, वाट चुकून परत फिरणारा माणूस वाटला. ज्या हाताने हे केले त्या हाताने प्रत्यक्ष ओढलेली एक तरी रेघ आपल्या डोळ्यांनी पाहावी, एवढीच माझी मूळ इच्छा होती. पाहावी याचे पुढे जवळ असावी असे कधी झाले, ते कोणत्याही संग्राहकास सांगता यावयाचे नाही.

तेझुका १९२८ साली जन्मला आणि १९८९ साली वारला. तो शिकलेला वैद्यकी, आणि जन्मभर काढली चित्रे. त्याने काढलेल्या पानांची संख्या सुमारे दीड लाख सांगतात. परंतु छापील पान ही काही चित्रकाराची रेघ नव्हे. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकाच्या १९९५ सालच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रती निघाल्या होत्या. त्या ६५ लाख छापील पानांच्या मागे शाईने काढलेले पान एकच असते. असे मूळ पान पाहण्याचा योग मला अकिता प्रांतात योकोते येथील मांगा संग्रहालयात आला. ताकाओ यागुची हा मासेमारीच्या कथा रंगवणारा चित्रकार तेथलाच. १९९५ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात आज निरनिराळ्या चित्रकारांची ४ लाखांवर मूळ पाने जपून ठेवलेली आहेत. छापील पानात जे कधी दिसत नाही ते सगळे येथे दिसते. छपाईच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या फिक्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा, चुकलेल्या रेघेवर पांढऱ्या रंगाचा लेप, बोलण्याच्या फुग्यात डकवलेले आणि डिंकामुळे पिवळे पडलेले अक्षरांचे तुकडे. एके ठिकाणी चित्रकाराच्या बोटाचा शाईचा ठसा होता. त्या ठशापुढे मी जितका वेळ उभा होतो तितका चित्रापुढे नव्हतो.

मूळ चित्र जपावे ही कल्पना जपानात फार जुनी नाही. होकुसाईच्या काळी लाकडी ठशांवरून चित्रे छापीत. त्यासाठी चित्रकाराचे मूळ रेखाटन लाकडाच्या फळीवर पालथे डकवीत, आणि कोरणारा त्या कागदासकट फळी कोरून काढी. म्हणजे चित्र छापले जाण्यापूर्वीच मूळ चित्र नाहीसे होई. ‘होकुसाई मांगा’ या ज्या पुस्तकामुळे हा शब्द लोकांच्या तोंडी बसला त्याचा पहिला भाग १८१४ साली निघाला आणि पंधरावा १८७८ साली, चित्रकार निवर्तल्यानंतर २९ वर्षांनी. परंतु मूळ रेखाटने मात्र फळीबरोबरच संपली. पुढे यंत्रे आली तरी वृत्ती तीच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर भाड्याने देण्याच्या चित्रपुस्तकांचा मोठा धंदा होता. त्यातील प्रकाशक हस्तलिखित पाने एकदाच पैसे देऊन घेत आणि छपाई झाली की त्यांचे पुढे काय होते इकडे कोणी लक्ष देत नसे. स्वतः तेझुकासुद्धा मासिकातील कथा पुस्तकरूपाने काढताना आपलीच मूळ पाने कात्रीने कापून, तुकडे इकडचे तिकडे डकवून पुन्हा जुळवीत असे. आपण त्यास अनास्था म्हणू; त्याच्या लेखी ते काम होते.

आणि आता? २०१८ च्या मे महिन्यात पॅरिसच्या एका लिलावात त्याच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या यंत्रबालकाच्या कथेतील एक मूळ पान २ लाख ६९ हजार ४०० युरोंना गेले. ही बातमी वाचून मी माझे पासबुक काढून पाहिले आणि निमूटपणे परत ठेवले. परंतु मी मूळ पानांच्या वाटेस जात नाही त्याचे कारण केवळ पासबुक नव्हे. चित्रकथेचे पान प्रकाशकाकडे जाते ते छपाईपुरते. त्याची मालकी चित्रकाराकडेच राहते. बाजारात आलेले पान तेथवर कसे आले, हा प्रश्न म्हणून नेहमीच उरतो. २००३ च्या सुमारास एका बुडालेल्या प्रकाशकाकडील पाने जुन्या मालाच्या दुकानात विक्रीस आली आणि ती काढणाऱ्यांनाच ती तेथे पाहावी लागली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ते वाचल्यापासून मूळ पानावर हात ठेवताना मला दुसऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखे वाटते. शिकिशीचे तसे नाही. ती चित्रकाराने स्वखुशीने, कोणाच्या तरी हातात दिलेली असते.

ती शोधण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. तोक्योत शिंजुकूच्या पश्चिमेस नाकानो नावाचे स्थानक आहे. तेथून छत घातलेल्या एका लांब बाजारपेठेतून गेले की ‘नाकानो ब्रॉडवे’ ही १९६६ सालची इमारत लागते. १९८० साली तिच्यात ‘मांदाराके’ नावाचे जुन्या चित्रकथांचे एक चिमुकले दुकान निघाले, आणि आज त्याच दुकानाची पिल्ले मजल्यामजल्यावर पसरली आहेत. त्यांतील एकाच्या दारात तर देवळापुढे असाव्यात तशा लाल कमानी उभारल्या आहेत. येथे काचेच्या कपाटातून वस्तू पाहावयाच्या, किंमत वाचावयाची आणि पुढे सरकावयाचे. मला मनापासून आवडतो तो कांदा भागातील जिम्बोचो. अप्पा बळवंत चौकात ज्याचे विद्यार्थिदशेतील दिवस गेले त्याला तेथे परके वाटू नये. जुन्या पुस्तकांची शंभरावर दुकाने. त्यांतील पुष्कळशी रस्त्याच्या दक्षिण अंगास ओळीने बसलेली, म्हणजे तोंडे उत्तरेस केलेली, कारण पुस्तकांवर ऊन पडू नये! माणसे दक्षिणमुखी घर हौसेने बांधतात आणि पुस्तकांसाठी उत्तर राखून ठेवतात, हे पाहून त्या शहराविषयी माझे मत एकदम चांगले झाले.

खऱ्याखोट्याची पारख हा या व्यवहारातला सर्वांत रंगतदार भाग. मासिके वाचकांना सोडतीत बक्षीस म्हणून छापील शिकिशी वाटीत आली आहेत. त्यांत लबाडी काहीच नसते, पण पन्नास वर्षांनी तीच वस्तू ‘हातची’ म्हणून पुढे येते. भिंग लावले की छपाईचे ठिपके दिसतात आणि प्रकरण तेथेच मिटते. खरी शाई कागदात मुरते. दोन रेघा जेथे एकमेकींना छेदतात तेथे ती गडद होते. अस्सल नक्कल ओळखणे याहून अवघड. त्यासाठी माझ्या परिचयाच्या एका दुकानदाराने मला सांगितलेली खूण फार उपयोगी पडली. चित्रकाराने तेच तोंड हजार वेळा काढलेले असते, तेव्हा त्याची रेघ बेपर्वा असते. नक्कल करणारा जपून जपून जातो, आणि ते जपणे रेघेत उतरते. नाक थोडे वाकडे झाले आहे आणि तरी कोणी ते सुधारलेले नाही, अशी शिकिशी मी विश्वासाने हाती घेतो.

तेझुकाच्या शिकिशी मी पुष्कळ पाहिल्या. आतोमु पाहिला, काळ्या डगल्यातला शस्त्रवैद्य ब्लॅक जॅक पाहिला. बुद्ध मला आजवर एकदाही आढळला नाही. कामानिमित्त तीन वेळा त्या देशी जाणे झाले, आणि तिन्ही वेळा मी दुकानात शिरताच ‘बुद्ध?’ असा प्रश्न मी विचारण्यापूर्वी दुकानदारच विचारी आणि मान हलवी. तिसऱ्या खेपेस मात्र त्याने मान हलवल्यानंतर खालचा खण उघडून एक पाकीट काढले.

आत होती ती तेझुकाची नव्हे. चित्रकाराचे नाव सांगूनही येथे कोणास बोध होणार नाही. १९७० च्या दशकात मुलांच्या मासिकांत त्याच्या दोन-तीन मालिका येऊन गेल्या आणि मग तो मागे पडला. चित्र एका कुत्र्याचे. डोक्यावर शिपायाची टोपी, मुद्रा अशी की जगातील सगळ्या चोऱ्यांचा भार आपल्यावरच आहे. नाक वाकडे होते. खाली सही, आणि शोवा ४९ हे साल, म्हणजे आपले १९७४. पाकिटावर किंमत होती ती या चित्रकाराच्या मानानेही निम्म्याहून कमी, आणि तिच्या शेजारी दोन दोष बारीक अक्षरांत नोंदलेले होते. पहिला दोष ‘तामेगाकी’, दुसरा पाठीवर पेन्सिलीच्या खुणा.

तामेगाकी म्हणजे अमक्यासाठी असे लिहिणे. चित्रकार शिकिशी देताना घेणाराचे नाव विचारतो आणि ते चित्राच्या बाजूस लिहितो. संग्राहकांच्या बाजारात हे नाव म्हणजे डाग. ज्या शिकिशीवर कोणाचेच नाव नाही ती कोणाचीही होऊ शकते, म्हणून महाग. जिच्यावर नाव आहे ती कायम दुसऱ्याची राहते, म्हणून स्वस्त. नाव पुसण्याची, खरवडण्याची खटपट केलेल्या शिकिशीही मी पाहिल्या आहेत; चित्र हसत असते आणि शेजारी कागदाची साल निघालेली असते. ही गोष्ट चित्रकारांच्याही ध्यानात आलेली आहे. हल्ली सह्या देण्याच्या समारंभात पुष्कळ ठिकाणी नाव घालून घेण्याची अटच असते, आणि तिचा उद्देश हा की दिलेली वस्तू दुसऱ्या दिवशी विक्रीस जाऊ नये.

मला हा बाजारभाव उफराटा वाटतो. आपल्याकडे रद्दीत घेतलेल्या जुन्या पुस्तकाचे पहिले पान उलटावे तो ‘चि. अमुक यास मुंजीनिमित्त सप्रेम भेट’ असे निळ्या शाईत लिहिलेले आढळते, खाली मामाची सही आणि तिथी. अशी पाच-पन्नास पुस्तके माझ्या कपाटात आहेत. त्यांतील पुस्तक दुसरीकडे कोठेही मिळेल. तो मामा मिळणार नाही. शिकिशीचेही तेच. टोपीवाले कुत्रे त्या चित्रकाराने किती वेळा काढले असेल कोण जाणे; परंतु त्या मुलाचे नाव त्याने काढले असेल ते बहुधा एकदाच, आणि ते त्याला थांबून, विचारून, नीट ऐकून काढावे लागले असेल. माझा सगळा शोध चित्रकाराच्या हाताचा असेल, तर तो हात चित्रापेक्षा या नावातच अधिक आहे.

हे झाले मला पटणारे समर्थन. त्याला एक उत्तर आहे आणि ते मला टाळता येत नाही. नाव घातले ते वस्तू इकडे तिकडे जाऊ नये म्हणून; आणि मी नावासकट ती उचलून पुण्यास आणणार! विकणाराने विकली, दुकानदाराने घेतली, त्यात कायद्याने गैर काहीच नाही. म्हाताऱ्या माणसांमागे घर आवरताना अशा वस्तू पेटीने बाहेर येतात, असे दुकानदार म्हणाला. मुलाने ती विकली नसेल, मुलाच्या मागे कोणी विकली असेल, किंवा मुलगा घर सोडून गेल्यावर आईने वर्षानुवर्षे माळ्यावर जपली असेल. यांतले काहीही संभवते, आणि कशानेही ती माझी होत नाही. तरी मी ती घेतली. न घेतो तर ती त्या खणात राहिली असती, किंवा खरवडण्याचे पाते बाळगणाऱ्या कोणाच्या हाती गेली असती. ते नाव मी येथे लिहीत नाही.

पुण्यात शिकिशी सांभाळणे हे जपानात ती मिळवण्याहून कठीण काम आहे. रंगीत लेखणीचे रंग उजेडाने उडतात, म्हणून भिंतीवर लावता येत नाही; आषाढ-श्रावणात पुठ्ठा ओलावा पितो आणि पांढऱ्या कागदावर तपकिरी ठिपके उठतात; त्यातून वाचले तर कसर आहेच. तेव्हा आम्लरहित कागदात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवायची आणि हवा कोरडी झाली की वर्षातून एकदा बाहेर काढायची. घरात या विधीस ‘काकांचे कुळधर्म’ म्हणतात.

गेल्या मार्गशीर्षात हे कुळधर्म चालू असताना माझी पुतणी आली होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्या मुलामुलींना तोटा नाही. ती त्यांतलीच, तिसरी परीक्षा नुकतीच दिलेली. मला सह्या ओळखता येतात, साल लावता येते, दुकानातील पाट्या अडखळत वाचता येतात; घाईने लिहिलेले हाताचे अक्षर मला उलगडत नाही. तिने शिकिशी उजेडाकडे धरली आणि प्रथम ते नाव वाचले, सुटे सुटे, एकेक अक्षर लावून, आणि मग सगळे मिळून मोठ्याने. माझ्या घरात ते नाव पूर्वी कोणी उच्चारले नव्हते.

“खाली आणखी लिहिलंय, काका.”

“ते काय, नेहमीचे असेल. वाचकास शुभेच्छा वगैरे.”

“नाही. ‘लवकर बरा हो’ असं आहे.” तिने ओळ पुन्हा बोटाने लावली. “सगळं मुलांच्या सोप्या अक्षरांत लिहिलंय. म्हणजे लहानच असणार. आठ-नऊ वर्षांचा?”

१९७४ साली आठ-नऊ वर्षांचा म्हणजे आज साठीच्या आसपास, असा हिशेब आम्ही दोघांनी मनात केला, आणि तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. मीच तिच्या हातून शिकिशी घेऊन पालथी केली. पाठीवर त्या पेन्सिलीच्या खुणा, दुकानदाराने नोंदलेला दुसरा दोष. तीच कुत्री, पुढले चित्र पाहून काढलेली, वरून खाली एकाखाली एक. मी त्या यापूर्वी कितीदा तरी पाहिल्या होत्या. या वेळी आम्ही त्या मोजल्या. पाच आहेत. वरच्या दोघांच्या रेघा इतक्या फिक्या आणि डळमळीत की टोपी कोठली आणि कान कोठला ते कळत नाही; तिसऱ्याला पाय फुटले आहेत; चौथ्याची टोपी डोळ्यांवर घसरली आहे. पाचव्याची पेन्सिल इतकी दाबून फिरवलेली आहे की पुठ्ठ्यात खाच पडली आहे, आणि त्याचे नाक सरळ आहे.